कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाचा व्यवसाय : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत नव्या कामगारांना आणि सुपरवायझरांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुले, त्यांचे पालक, लहान कारखान्यांचे मालक आणि या व्यवसायात येऊ पाहणारे फिटर-टर्नर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय? ते आयटीआयतील शिक्षणापेक्षा वेगळे कसे?

आयटीआयमध्ये विद्यार्थी एक व्यवसाय शिकतो, तर कारखान्यात त्याला एक विशिष्ट काम शिकावे लागते. लेथ चालवता येणे हा व्यवसाय झाला. या यंत्रावर, या मालाचा, इतक्या टॉलरन्सचा (म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा) भाग दर पाळीत ठरलेल्या संख्येने, हाताला इजा न होऊ देता तयार करणे हे काम झाले. या दोहोंमधले अंतर कोणीतरी जाणीवपूर्वक भरून काढावे लागते, आणि ते भरून काढण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो कामाच्या ठिकाणचा प्रशिक्षक. त्याचे पदनाम ट्रेनिंग ऑफिसर असेल, डोजो (कारखान्यातली सरावाची जागा) इनचार्ज असेल किंवा नुसतेच सीनियर ऑपरेटर असेल.

हा व्यवसाय किती जुना आहे?

काम शिकणे फार जुने आहे, पण शिकवण्याचा व्यवसाय तितका जुना नाही, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय त्याचा इतिहास समजत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे आणि त्यात तगरच्या कापडाचा उल्लेख येतो. परदेशी बाजारात खपेल असे कापड पिढ्यानपिढ्या विणले जात होते, याचा अर्थ ते विणायला कोणीतरी शिकवत होते. तरीही शिकवणे हे त्या विणकराचे वेगळे काम नव्हते. मूल मागाजवळ बसायचे, कांड्या भरायचे, धागा तुटला की जोडायचे, आणि काही वर्षांनी पदराच्या नक्षीपर्यंत पोहोचायचे.

गावच्या लोहाराचेही तसेच होते. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी देताना तापलेल्या पोलादाचा रंग नेमका कोणता असावा, हे कुठेही लिहिलेले नव्हते. भाता ओढणारा मुलगा तो रंग शेकडो वेळा पाहत असे आणि एके दिवशी बाप त्याच्या हातात सांडशी देत असे. या पद्धतीत शिकण्याची खोली विलक्षण होती, पण तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या होत्या. ज्ञान जातीच्या आणि घराच्या उंबरठ्याबाहेर जात नव्हते, मुलींना तर बहुतेक व्यवसायांत भट्टीजवळही उभे राहता येत नव्हते, आणि शिकायला वर्षे लागत. एका महिन्यात शंभर माणसे तयार करण्याची वेळ येते, तेव्हा ही पद्धत अपुरी पडते. प्रशिक्षकाच्या व्यवसायाचा उगम त्या अडचणीत आहे.

मग प्रशिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय कधी झाला?

मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजे बांधायची होती आणि गोदीत कुशल कामगार नव्हते. तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत वापरात आणली : शिकणाऱ्याला तयार करणे, काम दाखवून समजावणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि तपासणे. आज ही रीत इतकी साधी वाटते की ती कोणी मांडावी लागली असेल हेच पटत नाही. पण माझ्या अनुभवात अजूनही निम्म्याहून अधिक शिकवणारे दुसऱ्या पायरीवर थांबतात. दाखवून झाले की शिकवून झाले, असे ते मानतात.

दुसऱ्या महायुद्धात याच रीतीवर आधारलेली एक मोठी सरकारी योजना अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात राबवली गेली. तिचे नाव ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, म्हणजे टीडब्ल्यूआय. पाच वर्षांत सुमारे साडेसतरा लाख लोकांना तिची प्रमाणपत्रे मिळाली. तिची खरी कल्पकता अशी की, तिने कामगारांना शिकवण्यावर भर न देता त्यांच्यावरच्या सुपरवायझरांना शिकवावे कसे हे शिकवले. प्रत्येक कामाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातला कळीचा मुद्दा शोधायचा आणि त्याचे कारण सांगायचे. एखाद्या पंपाच्या झाकणाचे बोल्ट आवळणे ही झाली पायरी, ते समोरासमोरचे आळीपाळीने आवळणे हा कळीचा मुद्दा, आणि तसे न केल्यास गास्केट एका बाजूने दबून गळती होते हे कारण. पायरी सगळेच सांगतात, मुद्दा थोडे सांगतात, कारण फारच थोडे सांगतात. शिकणाऱ्याला आले नाही तर शिकवणाऱ्याने शिकवले नाही, ही या योजनेची भूमिका होती आणि मी ती या व्यवसायाची पायाभूत जबाबदारी मानतो. युद्धानंतर हीच रीत जपानमध्ये गेली, तेथील वाहन उद्योगात रुजली, आणि वाहन उद्योगाबरोबर काही दशकांनी वाळूजलाही आली. आपल्याकडे अनेकांना ती जपानी वाटते, त्याचे कारण हे.

भारतात या व्यवसायाची सुरुवात कशी झाली?

कापड गिरण्यांत आरंभी नोकरी देणे, काम लावून देणे आणि शिकवणे या तिन्ही गोष्टी जॉबरच्या, म्हणजे कामगारांच्या मुकादमाच्या, हातात असत. त्यातून लाचखोरी आणि वशिलेबाजी माजली. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आजचा एचआर विभाग आणि त्यातला ट्रेनिंग ऑफिसर या वंशावळीतून आला आहे. त्यामुळे आपल्याकडचा प्रशिक्षक पुष्कळदा यंत्राजवळून न येता ऑफिसातून येतो, आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत.

दुसरा प्रवाह तांत्रिक शिक्षणाचा. दुसऱ्या महायुद्धासाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना सुरू झाली, आणि १९४१ पासून ‘बेव्हिन प्रशिक्षणार्थी’ म्हणून ओळखले जाणारे भारतीय कामगार प्रशिक्षणासाठी ब्रिटनला पाठवले गेले. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचा हा कारभार त्यांच्याच खात्याकडे होता. मराठवाड्यात बाबासाहेबांचे नाव शिक्षणाच्या संदर्भात घेताना आपण १९५० चे मिलिंद महाविद्यालय आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण कारागिराच्या मुलाव्यतिरिक्त इतर कोणालाही कारागीर होता यावे, यासाठी सरकारने यंत्रणा उभारायची असते, या विचाराच्या घडणीत मजूर खात्यातील त्यांच्या कारकिर्दीचाही वाटा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआयचे जाळे उभे राहिले. १९५८ मध्ये कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ नागपूरला मुख्यालय ठेवून स्थापन झाले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा आला. १९७० मध्ये प्रशिक्षकांची ‘इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि तेव्हापासून या कामाला भारतात व्यवसाय म्हणून स्वतःचे घर मिळाले, असे म्हणता येईल.

मराठवाड्याचा यातला वाटा काय?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळात नांदेडच्या उस्मानशाही मिलसारखे थोडे मोठे कारखाने सोडले, तर औद्योगिक काम म्हणजे जिनिंग-प्रेसिंग आणि तेलाच्या गिरण्या. पुण्या-मुंबईत ज्या घरांत तीन पिढ्या कारखान्यात गेल्या, तशी घरे येथे जवळजवळ नव्हती. १९६० नंतर चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले. गंगापूर, वैजापूर, पैठण, फुलंब्री या तालुक्यांतील शेतकऱ्यांची मुले एकदम पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या जगात आली. त्यांना नुसते यंत्र शिकायचे नव्हते. घड्याळ, पाळी, मायक्रोमीटर, रिजेक्शन, ‘का’ असा प्रश्न विचारणारा सुपरवायझर, हे सगळेच नवे होते. त्या पिढीला शिकवणारे बहुतेक पुण्या-मुंबईहून आलेले होते. आज त्याच मुलांपैकी काही जण इतरांना शिकवतात, आणि माझ्या मते आपल्या औद्योगिक इतिहासातली ही सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, इंडो-जर्मन टूल रूम आहे. तेथे डाय आणि मोल्ड बनवणारे कारागीर प्रत्यक्ष उत्पादनाचे काम करत करत शिकतात. कांचनवाडीजवळची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) ही संस्था १९८० पासून पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांना आणि कर्मचाऱ्यांना पाणी व्यवस्थापन शिकवते. कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, पण कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचवणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण या दुष्काळी प्रदेशात तितकेच मोलाचे आहे.

मालकाला प्रशिक्षण देणे कायद्याने बंधनकारक आहे का?

काही बाबतींत निश्चितच आहे. शिकाऊ उमेदवारांच्या नियमांत २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात. सुरक्षिततेच्या बाबतीत, १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आरोग्य व सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून कलम १११-अ मध्ये लिहिला गेला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि कारखाने कायदा तिच्यात विलीन झाला, म्हणून मालकांनी सध्या लागू असलेला मजकूर तपासून घ्यावा. हक्क कायद्यात येण्यासाठी हजारो माणसांचे प्राण जावे लागले, हे प्रत्येक सेफ्टी ट्रेनिंगच्या सुरुवातीला सांगावे असे मला वाटते.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कसे ओळखावे?

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या सांगितल्या, आणि त्या अजून सर्वत्र वापरल्या जातात. शिकणाऱ्याला प्रशिक्षण आवडले का, तो काही शिकला का, कामावर परत गेल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यामुळे कारखान्याचे काही भले झाले का. पहिली पातळी फीडबॅक फॉर्मवर मोजता येते, म्हणून सगळे तीच मोजतात. चहा चांगला होता, सरांनी छान समजावले, पाच पैकी पाच गुण. ऑडिटसाठी हजेरीपत्रक आणि हा फॉर्म पुरतो असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे, कारण गुणवत्तेचे आंतरराष्ट्रीय मानक कामगाराच्या क्षमतेबद्दल विचारते आणि त्यासाठी उचललेल्या पावलांचा परिणाम तपासायला सांगते. हजेरी हा क्षमतेचा पुरावा नव्हे.

लहान कारखान्याला चारही पातळ्यांचा मोठा खटाटोप करण्याची गरज नाही. प्रशिक्षणानंतर तीन आठवड्यांनी प्रशिक्षकाने त्या यंत्राजवळ जाऊन, कामगाराच्या कामात व्यत्यय न आणता, दहा मिनिटे उभे राहावे आणि शिकवलेले कळीचे मुद्दे हातांत दिसतात का ते पाहावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते की उजळणी नसेल तर शिकलेले फार वेगाने विसरले जाते. तरीही आपण वर्षातून एकदा आठ तासांचा वर्ग घेतो आणि वर्षभराचे काम झाले असे समजतो.

प्रत्येक अडचणीवर प्रशिक्षण हाच उपाय असतो का?

नाही, आणि हे मला स्वतःच्या चुकीतून शिकावे लागले. एका कारखान्यात बोअरच्या (भागातल्या गोल छिद्राच्या) मापाचे रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे भाग, वाढले म्हणून मला त्या लाईनच्या ऑपरेटरांना पुन्हा शिकवण्यास सांगण्यात आले. मी दोन वेळा शिकवले. दुसऱ्या वेळी मागच्या रांगेतला एक हेल्पर म्हणाला, “सर, गेज झिजलाय, आम्ही दोनदा सांगितलं.” तपासले तेव्हा गेज, म्हणजे माप तपासण्याचे साधन, खरोखरच झिजलेला होता आणि त्याची कॅलिब्रेशनची (अचूकता पडताळण्याची) तारीख उलटून गेली होती. त्या मुलांचा अभ्यास पुरा होता, अपुरी होती ती त्यांच्या हातातली साधने. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये हाच विचार मांडला होता की, काम बिघडते तेव्हा माणसाचे ज्ञान तपासण्याआधी त्याला मिळणारी माहिती, साधने आणि मोबदला तपासावा. मी तो आधी वाचला असता तर त्या मुलांचे दोन दिवस आणि त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाचला असता. आता कोणी प्रशिक्षण मागितले की मी प्रथम विचारतो : त्याचा जीव त्यावर अवलंबून असेल तर तो हे काम करू शकेल का? उत्तर हो असेल, तर अडचण शिकण्याची नाही.

प्रशिक्षण कोणत्या भाषेत असावे?

शिकणारा ज्या भाषेत प्रश्न विचारू शकतो त्या भाषेत. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्राच्या पडद्यावरचे इशारे इंग्रजीत असतात. वैजापूरकडच्या एका शिकाऊ मुलाला मी विचारले की अलार्म आला तर तू काय करतोस, तेव्हा तो म्हणाला, “रिसेट दाबतो.” त्याला आळस नव्हता. तो मजकूर त्याच्यासाठी अर्थ नसलेली अक्षरे होती, आणि ते विचारल्यास आपले इंग्रजी कच्चे आहे हे उघड होईल याची त्याला भीती होती. आम्ही त्या यंत्राच्या नेहमी येणाऱ्या अलार्मचा मराठी तक्ता करून पॅनेलजवळ लावला. स्पिंडल, टूल, ऑफसेट, कूलंट हे शब्द तसेच ठेवले, कारण शॉप फ्लोअरवर तेच शब्द चालतात, आणि त्यांच्या जागी कोणाच्या तोंडी नसलेले प्रतिशब्द घातल्याने कोणाचेही भले होत नाही. वाक्य मात्र मराठी हवे. मराठवाड्यात हिंदी किंवा दखनी उर्दू अधिक सहज बोलणारे कामगारही मोठ्या संख्येने आहेत, आणि प्रशिक्षकाने त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलावे.

कंत्राटी कामगारांवर खर्च का करावा? ते तर सोडून जातात.

हा प्रश्न मला मालकांकडून सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर देताना मला सर्वांत जास्त तळमळ वाटते. ठेकेदाराकडून आलेल्या मुलाला गेटजवळ अर्ध्या तासाची सूचना, हेल्मेट आणि बूट देऊन सरळ लाईनवर उभे केले जाते. तो काही महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात जातो आणि तेथे पुन्हा तेच घडते. दहा वर्षे काम करूनही तो हेल्परच राहतो, कारण त्याच्या शिकण्याची नोंद कोणाकडेच नसते. प्रेसवर बोटे जाण्याची जोखीम मात्र कायम कामगाराइतकीच, किंबहुना अधिक असते. तो सोडून जाईल म्हणून न शिकवणे याचा अर्थ, तो आहे तोवर न शिकलेला माणूस यंत्रावर उभा करणे. वसाहतीतील कारखान्यांनी मिळून मूलभूत कौशल्यांचे एक सामाईक नोंदपत्रक मान्य केले, तर एकाचा खर्च दुसऱ्याच्या उपयोगी पडेल आणि मुलालाही वरची पायरी मिळेल.

संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर प्रशिक्षकाची गरज उरेल का?

ही भीती नवीन नाही. १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारे यंत्र तयार केले, १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले. प्रत्येक वेळी प्रशिक्षकाच्या कामाचा एखादा भाग कमी झाला आणि उरलेला भाग अधिक अवघड झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सूचनापत्रकांचे भाषांतर, प्रश्नपत्रिका, नोंदी आणि नियम पाठ करून घेणे ही कामे बरीच कमी होतील, आणि त्यांचे कोणी दुःख करू नये. वेल्डिंगच्या सिम्युलेटरवर रॉड न जाळता हाताचा कोन बसवता येतो, हाही खरा लाभ आहे.

पण लातूर किंवा धाराशिवच्या साखर कारखान्यात जुना पॅनमन, म्हणजे रस आटवण्याच्या पॅनवरचा कामगार, पॅनमधला रस चिमटीत घेऊन त्याची तार पाहतो आणि दाणा कधी धरेल हे सांगतो. आज त्याच्याजवळ मापक उपकरणे आहेत, तरी तो बोटांनी पाहतोच. ते ज्ञान त्याच्या निवृत्तीबरोबर गेले तर कोणतीही प्रणाली ते परत देऊ शकत नाही, कारण ते कधी लिहिलेच गेले नाही. त्याच्याशेजारी एक हंगाम उभे राहून, त्याला योग्य प्रश्न विचारून, त्याच्या बोटांना कळते ते शब्दांत आणि चित्रफितीत उतरवणे हे प्रशिक्षकाचे पुढचे काम आहे. मराठवाड्यात १९८० च्या दशकात लागलेली पिढी आता निवृत्त होत आहे, त्यामुळे या कामाला फार वेळ उरलेला नाही.

पुढच्या काही वर्षांत येथे कोणत्या प्रशिक्षणाची गरज भासेल?

शेंद्रा-बिडकीन येथील ऑरिक वसाहतीत विजेवर चालणाऱ्या वाहनांचे प्रकल्प जाहीर झाले आहेत. एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी २०२४ मध्ये येथे कारखाने उभारण्याचे ठरवले. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. इंजिनाचे भाग बनवण्यात आयुष्य गेलेल्या कामगाराला उच्च दाबाची वीज, बॅटरी आणि सेन्सर शिकावे लागतील, आणि चाळिशीच्या माणसाला शिकवणे हे वीस वर्षांच्या मुलाला शिकवण्यापेक्षा वेगळे असते. त्याला जे येते त्याचा मान राखून, त्याच्याच अनुभवावर नवे उभे करावे लागते. जालन्याच्या स्टील उद्योगात भट्टीजवळच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण आजच अपुरे आहे, त्यासाठी भविष्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मला प्रशिक्षक व्हायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

आधी एखादे काम स्वतः नीट करायला शिका, निदान पाच वर्षे. त्यानंतर आयटीआयत शिकवायचे असेल तर शिल्प निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा, आणि कारखान्यातील प्रशिक्षण विभागात जायचे असेल तर वर उल्लेख केलेल्या राष्ट्रीय संस्थेचा पदविका अभ्यासक्रम उपयोगी पडतो. प्रमाणपत्रापूर्वी मात्र एक गोष्ट उद्याच्या पाळीतही करता येईल. आपण रोज करतो त्यातले एक लहान काम निवडावे, त्याच्या पायऱ्या, कळीचे मुद्दे आणि कारणे एका कागदावर लिहावीत, आणि ते काम कधीही न केलेल्या नव्या मुलाला त्या कागदावरून शिकवून पाहावे. तो कोठे अडखळतो तेथे आपल्या कागदावर खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद पुन्हा लिहावा.